‘म्हणे’चा डबा

लॉच्या सीईटीची, म्हणजे प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या आणि लॉ शिकणाऱ्या पोरांची आमच्याकडे रविवारी बैठक असते. तिथं टेबलावर एक स्टीलचा डबा असतो. पूर्वी त्यात माझ्या आईचं मेतकूट असायचं. अजूनही झाकण उघडलं की हिंगाचा वास येतो. आता त्यात नाणी आहेत. बोलताना वाक्याला ‘म्हणे’ लावलं की एक रुपया टाकायचा. वकील असो, विद्यार्थी असो, कुणालाही सूट नाही.

गेल्या रविवारी कोरेगावकडचा एक मुलगा पहिल्यांदाच आला होता. बी.कॉम. झालेला, एका आडत दुकानात हिशेब लिहितो. प्लास्टिकची फाईल मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलेला. बराच वेळ गप्प होता. मग खालमानेनंच म्हणाला, “ताई, लॉला पंचेचाळीस टक्के लागतात म्हणे. मला त्रेचाळीस पॉइंट दोन आहेत. मग मी सीईटीला बसून उपयोग आहे का?”

चारपाच जणांनी एकदम डब्याकडे बोट दाखवलं. पोरगा बावरला. कारण कळल्यावर हसला, रुपया टाकला. तोवर मेढ्याच्या मुलीनं वही पुढे ओढली होती.

“प्रवर्ग?”

“ओबीसी.”

“मग बेचाळीस. खुल्याला पंचेचाळीस, ओबीसीला बेचाळीस, एससी-एसटीला चाळीस. बार कौन्सिलचे २००८ चे नियम. हे बघ, प्रिंट इथंच चिकटवलीय.”

त्यानं ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. दोन वर्षं त्याला कुणीतरी पंचेचाळीस सांगत होतं आणि दोन वर्षं हा गप्प घरी बसला होता. पाच मिनिटांचं काम होतं.

आमच्याकडे सगळ्यांना गावाच्या नावानं हाक मारायची पद्धत आहे. कशी पडली आठवत नाही, पण या लेखात कुणाचं नाव यायला नको म्हणून ती सोयीची आहे. मी स्वतः लिंबाची. साताऱ्याजवळचं लिंब, बारा मोटेच्या विहिरीचं. बी.ए. इतिहास, मग चार वर्षं एका पतसंस्थेत कॅशियर, मग तीन वर्षांचं एलएल.बी. घरात माझ्याआधी कोर्टाची पायरी चढलेले एकटे आजोबा, तेही बांधाच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून. दावा आजोबांनंतर अकरा वर्षांनी निकाली निघाला.

बैठक आम्ही चौघांनी सुरू केली ती २०२२ मध्ये, एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत. चौघांनाही नुकती वकिलीची सनद मिळालेली, चौघेही ज्युनिअरशिप करणारे, म्हणजे सीनिअरच्या फाईली उचलणारे, रोजनामा बघून येणारे, तारीख घेणारे. हातात पैसा नव्हता पण रविवार मोकळा होता. सीईटी देणारी, नुकती लॉला लागलेली पोरं कोर्टाच्या आवारात आम्हाला गाठून विचारायची. तेच तेच प्रश्न. म्हटलं, एक दिवस सगळ्यांना एकत्र बसवू. पहिल्या रविवारी सहा आले. वर्षभरात चाळीसेक झाले, तेव्हा खुर्च्या संपल्या आणि खाली सतरंजी आली.

आणि वर्ष-दीड वर्षात ती बैठक बिघडली. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. गर्दी होती, चहा होता, उत्साह होता. पण बोलायचे ते तीनचार जणच. ज्यांना सीईटीत मार्क चांगले पडले होते ते. ‘मी दिवसाला चौदा तास अभ्यास केला’ छापाची भाषणं व्हायची. मला या प्रेरणा प्रकरणाचा मनापासून कंटाळा आहे. ज्या मुलीला पहाटे पाचला धारा काढायच्या असतात तिला चौदा तासांचं काय सांगता? कोपऱ्यात बसणारे कोपऱ्यातच राहिले, त्यांचे प्रश्न जिन्यात, चपला घालताना, हळू आवाजात यायचे. आणि जिन्यात उत्तर देणारा घाईत असतो.

मीही घाईत होते. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

जून २०२४ ची गोष्ट. मेढ्याच्या या मुलीनं जिन्यात विचारलं होतं, “ताई, नॉन-क्रिमीलेअर जुनं चालेल का?” मी स्कूटरची किल्ली शोधत होते. म्हटलं, “चालतं म्हणे, नंतर देता येतं.” मला कुणी सांगितलं होतं? आदल्या आठवड्यात बार रूममध्ये कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, ते मी चहा पिताना ऐकलं होतं. एवढाच आधार.

नॉन-क्रिमीलेअर म्हणजे घरचं उत्पन्न ओबीसी सवलतीच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र. तिचं ३१ मार्च २०२४ लाच संपलेलं होतं. त्या वर्षीच्या प्रवेशाला ३१ मार्च २०२५ पर्यंत चालणारं हवं होतं. नवीन काढायचं तर तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला, सेतूत अर्ज, मग प्रांतांची सही, म्हणजे नशीब बरं असलं तरी बरेच दिवस. ती माझ्या भरवशावर राहिली. कागदपत्रांच्या तपासणीत ओबीसीचा दावा बसला नाही, ती खुल्या प्रवर्गात गेली, आणि खुल्याच्या यादीत तिच्या मार्कांना कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या, कुठल्याच फेरीत जागा लागली नाही.

यातला खरा चटका पुढे आहे. ८ जुलै २०२४ ला सरकारनं निर्णय काढला: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. कॉलेजच्या पातळीवर, व्यवस्थापनाच्या जागेवर घेतला तर माफी नाही. म्हणजे ज्या वर्षी तिला फुकट शिकता आलं असतं नेमकं त्याच वर्षी माझ्या एका ‘म्हणे’नं तिचा दरवाजा बंद झाला. वडील म्हणाले, फी भरू, म्हैस विकू. ती नको म्हणाली. वर्ष घालवलं.

मी तिच्या घरी गेले होते माफी मागायला. तिच्या आईनं चहा केला, पोहे केले. कुणी एक शब्द बोललं नाही. ते पोहे घशाखाली उतरताना काय झालं ते मलाच माहीत. निघताना तीच म्हणाली, “ताई, तुम्ही तपासून सांगते म्हणाला असता तर मी थांबले असते ना.”

पुराव्याच्या कायद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात: तोंडी पुरावा प्रत्यक्षच हवा. पाहिलं असेल तर पाहणाऱ्यानं सांगावं, ऐकलं असेल तर ऐकणाऱ्यानं. जुन्या कायद्यात कलम ६०, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ५५. ऐकीव गोष्ट पुरावा नाही. हे मी उलटतपासणीत साक्षीदाराला सुनावते आणि स्वतः जिन्यात ऐकीव माहितीवर एका मुलीचं वर्ष घालवते. आपल्या भाषेनं तर बिचारीनं यासाठी वेगळा शब्दच ठेवलाय. ‘म्हणे’ म्हणजे बोलणारा स्वतः हात झटकून मोकळा. पाऊस पडणार म्हणे, पोरगी पळून गेली म्हणे, जुनं चालतं म्हणे. उद्या खोटं निघालं तर मी कुठं म्हणालो, लोक म्हणत होते.

त्यातून डबा आला.

आणि वही आली. वही डब्यापेक्षा महत्त्वाची आहे. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, लेजरसारखी. पतसंस्थेतली सवय. प्रश्न, उत्तर, कुठं लिहिलंय, कुणी डोळ्यांनी पाहिलं, कुठल्या तारखेला. तारीख फार महत्त्वाची, कारण प्रवेशाची माहितीपुस्तिका दर वर्षी बदलते आणि गेल्या वर्षीचं खरं यंदा खोटं असू शकतं. उत्तर चुकलं तर पान फाडायचं नाही. लाल रेघ मारायची, बाजूला बरोबर उत्तर लिहायचं आणि सही करायची. कोर्टात अर्जावर खाडाखोड झाली की शेजारी सही करतो तशी. पहिल्या पानावर पहिली लाल रेघ माझ्या उत्तरावर आहे. नवीन येणाऱ्याला ते पान आम्ही मुद्दाम दाखवतो. वकीलसुद्धा चुकतो हे बघितलं की पोरं प्रश्न विचारायला धजावतात, हा त्यातला अनपेक्षित फायदा.

डब्याला सगळ्यात जास्त पैसे मिळाले ते मे २०२५ मध्ये. २० मे, मंगळवार. सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेला बसायला तीन वर्षांची वकिली हवी. आमच्याकडे जेएमएफसीची, म्हणजे याच परीक्षेची, तयारी करणारे नऊ जण होते. एलएल.बी.चा निकाल लागल्या लागल्या परीक्षेला बसायचं म्हणून क्लासची फी भरलेले. रविवारी खोलीत तेरवीला बसल्यासारखे बसले होते. ‘जाहिरात आलेल्या भरतीलाही लागू आहे म्हणे’, ‘बार परीक्षा पास झाल्यापासून मोजणार म्हणे’, ‘सीनिअरनं नुसतं पत्र दिलं की झालं म्हणे’. खणखण खणखण. अठ्ठावीस रुपये. मग सुप्रीम कोर्टाचा निकालच काढला आणि दोन तास वाचला. आधीच सुरू झालेल्या भरतीला लागू नाही. वर्षं मोजायची ती वकील म्हणून तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून, नंतर द्यायच्या बार परीक्षेच्या निकालापासून नाही. न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम धरतात. प्रमाणपत्र कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं हवं, नाहीतर किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं आणि त्यावर त्या अधिकाऱ्याचा शेरा. तीन म्हण्यांपैकी तिन्ही चूक. दुःख तसंच राहिलं, पण निदान नेमकं कशाचं करायचं ते कळलं. नऊपैकी चौघांनी त्याच महिन्यात ज्युनिअरशिप शोधायला सुरुवात केली. दोघांनी नाद सोडला. तेही ठीक.

हा सगळा प्रवेश-परीक्षांचा भाग झाला. पण खरं सांगायचं तर आमची बैठक सुधारली ती दुसऱ्याच गोष्टीनं. पूर्वी लॉला नंबर लागला की पेढे यायचे, फोटो व्हायचा आणि मूल दिसेनासं व्हायचं. आम्हाला वाटायचं, काम झालं. प्रत्यक्षात काम तिथं सुरू होतं. मराठी माध्यमातनं आलेलं मूल पहिल्या सत्रात जे गटांगळ्या खातं ते मी स्वतः खाल्लेलं आहे, तरी विसरले होते.

आता अट आहे. नंबर लागला की पहिलं सत्र संपेपर्यंत यायचंच. पेढे दुसऱ्या सत्राला.

फलटणच्या मुलाचं उदाहरण देते, त्याची परवानगी घेतलीय. कराराचा कायदा शिकत होता, १८७२ चा. सराव म्हणून मराठीत उत्तर लिहायला सांगितलं होतं. त्यानं लिहिलं: ‘विचाराशिवाय केलेला करार शून्य असतो. म्हणून माणसानं करार करण्यापूर्वी नीट विचार करावा.’ पुढे एक पान भरून विचाराचं महत्त्व. संत, म्हणी, काय काय. अक्षर मोत्यासारखं. मी आधी हसले. मग लक्षात आलं की इंग्रजी पुस्तकातल्या ‘कन्सिडरेशन’चा अर्थ त्यानं प्रामाणिकपणे डिक्शनरीत पाहिला होता आणि तिथं ‘विचार’ असंच लिहिलेलं होतं. कराराच्या कायद्यात त्याचा अर्थ प्रतिफल, म्हणजे मी काही दिलं त्याच्या बदल्यात तू काही देणं. पोराची चूक कुठं होती? त्याला कुणी न्यायव्यवहार कोश दाखवलाच नव्हता. सरकारच्या भाषा संचालनालयानंच काढलेला कोश आहे, पण असा काही आहे हे चाळीसपैकी सदतीस जणांना माहीत नव्हतं. उरलेल्या तिघांतल्या एकाला वाटत होतं तो फक्त न्यायाधीशांना मिळतो. (म्हणे.)

तेव्हापासून दर रविवारी शेवटचा पाऊण तास एक निकाल. एकच. इंग्रजीतून, एकेक वाक्य, मोठ्यानं, आळीपाळीनं. अडलं की थांबायचं. वाटतं तितकं कंटाळवाणं नाही. परवा लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त घेतला. अलाहाबाद हायकोर्ट, १९१३. कराराच्या कायद्यात हा निकाल प्रत्येकाला भेटतो. गौरी दत्तांचा पुतण्या घरातून निघून गेला. शोधायला माणसं पाठवली, त्यात मुनीम लालमनही होता, रेल्वेचं भाडं देऊन त्याला हरिद्वारला धाडलं. इकडे मालकानं हस्तपत्रकं काढली, शोधून देणाऱ्याला ५०१ रुपये. लालमनला पोरगा ऋषिकेशला सापडला. बक्षिसाचं त्याला नंतर कळलं. पुढे नोकरी गेली तेव्हा त्यानं बक्षिसापोटी दावा लावला. हरला.

वाईवाली तावातावानं उठली. “पण पोरगं आणलं कुणी? यानंच ना? मग?”

“तो नोकरच होता. त्याचं कामच होतं ते,” कुणीतरी म्हणालं.

“कामच होतं तर बक्षीस कशाला लावलं?”

“ते इतरांसाठी.”

दहा मिनिटं असं चाललं. मग फलटणच्यानं, विचारवाल्यानंच, हळूच सांगितलं, “प्रस्ताव माहीतच नव्हता तर स्वीकारला कसा म्हणायचा? ज्याला ‘हो’ म्हणायचं ते आधी कानावर यायला नको?” हाच मुद्दा. मी नुसती मान हलवली. मेढ्याची वहीत टिपण करत होती, मान वर न करता म्हणाली, “म्हणजे हस्तपत्रक वेळेवर वाचलं नाही म्हणून गेला.” कुणी काही बोललं नाही. मी पाण्याचा तांब्या उचलला.

बोलणारे बदलले, हा दुसरा फरक. आमच्याकडे एक हवालदारकाका आहेत. पोलीस खात्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि सरळ सीईटीला बसले. सध्या दुसऱ्या वर्षाला. वर्गात सत्तर टक्के हजेरी लागते म्हणून लग्नाकार्यालासुद्धा जात नाहीत, काकू वैतागल्यात. सीईटीत त्यांना मार्क बेताचे होते, म्हणून जुन्या पद्धतीच्या बैठकीत ते कोपऱ्यात बसायचे. आता महिन्यातून एक रविवार त्यांचा.

त्यांची स्वतःची अडचण वेगळीच. अख्खी नोकरी जुन्या कलमांवर गेलेली. तीनशे दोन, तीनशे सात, चारशे वीस हे त्यांचे जुने मित्र. १ जुलै २०२४ ला नवे कायदे आले आणि खुनाचं तीनशे दोन झालं एकशे तीन, चारशे वीस गेलं तीनशे अठरात. पण सगळ्यात घोळ एकशे चव्वेचाळीसचा. जन्मभर एकशे चव्वेचाळीस म्हणजे जमावबंदी. आता फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत जमावबंदी एकशे त्रेसष्ट आणि एकशे चव्वेचाळीस म्हणजे बायकोमुलांची पोटगी. जुनं चारशे ब्याऐंशी म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, नवं चारशे ब्याऐंशी म्हणजे अटकपूर्व जामीन. काका म्हणतात, “मॅडम, परवा स्वप्नात मी पोटगीसाठी जमाव पांगवत होतो.” त्यांनी जुन्या-नव्या कलमांचा तक्ता स्वतः हातानं केलाय, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, स्केचपेननं. आमच्या बारमधल्या दोन ज्येष्ठ वकिलांनी त्याची झेरॉक्स नेली. नाव सांगू नका म्हणालेत.

पण काकांचा खरा तास पंचनाम्याचा. एकदा चहाची किटली सांडली, सतरंजीवर. मी फडकं आणायला उठले तर म्हणाले, “थांबा मॅडम, कुणी हात लावू नका.” आणि तिथल्या तिथं सगळ्यांना पंचनामा लिहायला बसवलं. किटली कुठल्या दिशेला पडलीय, भिंतीपासून किती अंतर, डाग किती बाय किती, कप किती, फुटलेले किती, किती वाजता. वाचून दाखवायला लावलं. एकीनं लिहिलं होतं, ‘बहुधा कुणाचा तरी पाय लागून किटली पडली असावी.’

“तुम्ही पाय लागलेला पाहिला?”

“नाही काका.”

“मग बहुधा कुठनं आलं? पंचाला डोळे असतात, बहुधा नसतं. या एका शब्दावर माझी केस सुटलीय.”

कुठली केस ते त्यांनी सांगितलं, इथं लिहिणार नाही. त्या दिवसापासून ‘बहुधा’लाही डब्यात आठ आणे असावेत असा ठराव आला होता. आठ आण्याचं नाणं कुणाकडेच नव्हतं म्हणून बारगळला.

क्लॅटवाल्यांबद्दल विचारणा होते म्हणून दोन ओळी. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ती प्रवेश परीक्षा साधारण डिसेंबरात, पूर्ण इंग्रजीत, १२० प्रश्न, चुकीला पाव मार्क जातो. अर्जाचीच फी खुल्या प्रवर्गाला चार हजार. राष्ट्रीय विधी विद्यापीठं राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत आणि फी वर्षाला लाखांत. आमच्याकडे त्याची तयारी करून घेईल असं कुणी नाही, उगाच आव आणत नाही. खेड्यातलं हुशार पण पैसे नसलेलं मूल असेल तर शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या आयडिया या उपक्रमाकडे पाठवतो. ते याच कामासाठी आहेत.

आमच्या मुलांचं जग वेगळं आहे. १९९८ पासून जिल्हा-तालुका कोर्टांची भाषा मराठी. माझा युक्तिवाद मराठीत, साक्ष मराठीत, कैफियत मराठीत. मग पोरं म्हणतात, इंग्रजी कशाला? कारण हायकोर्टात सगळं इंग्रजीत, घटनेच्या ३४८ व्या कलमानुसार. आणि आता हायकोर्ट जवळ आलंय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं, त्यात सातारा आहे. पूर्वी मुंबईला जायचं म्हणजे आदल्या रात्रीची एसटी आणि दोन दिवस. डिसेंबरात आम्ही चौदा जण कोल्हापूरला गेलो आणि एका कोर्टात मागच्या भिंतीला टेकून तास-दीड तास ऐकलं. बाहेर आल्यावर विचारलं, काय कळलं? वाईवाली म्हणाली, “नोटीस, स्टे आणि टू वीक्स.” बाकीच्यांचंही तेवढंच. मग तांबडा-पांढरा खाल्ला आणि परत आलो. पण येताना गाडीत एकानं विचारलं, ते इतक्या हळू आवाजात का बोलत होते? आपल्याकडे तर ओरडल्याशिवाय ऐकूच येत नाही. मला उत्तर आलं नाही. वहीत प्रश्न आहे, उत्तराची जागा मोकळी आहे.

मोकळ्या जागा बऱ्याच आहेत. ज्युनिअरला महिन्याला काहीतरी ठरावीक पैसे मिळावेत यावर आमच्याकडे दर दोन महिन्यांनी वाद होतो आणि दर वेळी सीनिअर मंडळींना त्या रविवारी नेमकं लग्न असतं. सनदेच्या फीचं मात्र उत्तर मिळालं. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नोंदणीला कायद्यात लिहिलेत त्यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, खुल्याला ७५०, एससी-एसटीला १२५. माझ्या वेळी त्याच्या कितीतरी पट गेले होते, त्यासाठी पतसंस्थेतल्या भिशीचा नंबर मी पुढे घेतला होता. त्या निकालाची प्रत वहीत आहेच. कुणी काउंटरवर जास्त मागितले तर भांडू नका, पान दाखवा, असं पोरांना सांगते.

मेढ्याची मुलगी आता पहिल्या वर्षाला आहे. २०२५ ला कॅपच्या दुसऱ्या फेरीत नंबर लागला, फी माफ. वही तिच्याकडे असते, तिनंच मागून घेतली. ती वहीत काहीही सहज लिहू देत नाही. परवा मी स्वतः एक तारीख सांगितली तर म्हणाली, “ताई, कागद?” मोबाईलवर शोधून दाखवला, मग लिहिली. माझ्याशी नीट बोलते, हसते. त्या जिन्याबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

डबा जानेवारीत उघडला तेव्हा ४१२ रुपये निघाले. त्यात दोन बेअर अॅक्ट, म्हणजे नुसत्या कायद्याच्या मजकुराची पुस्तकं, आले आणि उरलेल्यात भेळ.

येत्या रविवारी वाचनालयात पुस्तकांची मोजणी आहे, वरची खोली मिळणार नाही. खालच्या ओट्यावर बसू, सकाळी नऊ ते साडेअकरा. ऊन येतं, टोपी आणा. सीईटीवाल्यांनी नॉन-क्रिमीलेअर घेऊन यायचं, मूळ प्रत, आणि वैधतेची तारीख आपापल्या तोंडानं मोठ्यानं वाचायची. पहिल्या वर्षाच्यांनी कराराचा कायदा. काकांनी पंचनाम्याचे कोरे कागद आणायचं कबूल केलंय. किटली मी आणते.